डोंबिवली ते हॅरो : बाबांच्या वहीतले तास

तिकीट काढताना बाबांनी एकच विचारलं, "अंतर किती?" भाडं नाही, जेवण मिळतं का नाही, थेट अंतर. मी फोनवर बघून सांगितलं, मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर. "आणि वेळ?" जाताना साधारण दहा तास, येताना पावणेनऊ. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे जाताना चढ आहे की काय?"

बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते, शेवटची बरीच वर्षं लोकलवर. (२०२२ पासून त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर झालंय. बाबा म्हणतात, मॅनेजर बँकेत असतो.) त्यामुळे कुठल्याही प्रवासाची नोंद वहीत ठेवायची ही सवय रक्तात. आमच्या महाबळेश्वरच्या सहलीतही "पोलादपूर, चहा, १४ मि." अशी नोंद सापडते. या खेपेला नवी दोनशेपानी वही घेतली होती.

निमित्त भाऊबीजेचं. बाबांची थोरली बहीण, आमची अक्काआत्या, १९७४ साली नर्स म्हणून तिकडे गेली ती तिकडचीच झाली. लंडनच्या हॅरो भागात राहते. आठ-दहा वर्षांतून एकदा येते, तीही लग्नसराईत किंवा मे महिन्यात. तिच्या लंडनला जाण्यानंतर भाऊबीजेला हे दोघं एकत्र आलेच नव्हते. व्हिसा, तिकिटं यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. फक्त सीट निवडताना बाबांनी सगळ्यात मागची ओळ मागितली. "पुढे बसून मला काही कळत नाही."

गुरुवार, २३ ऑक्टोबर : साडेअठ्ठावीस तासांचा दिवस

रात्री १२.३० ला घर सोडलं. म्हणजे भाऊबीज लागलीच होती. ताई बुधवारी संध्याकाळीच ठाण्याहून येऊन मला ओवाळून गेली, पाडव्यालाच. विमान पहाटे पावणेसहाचं. बाबांच्या वहीत पहिली ओळ: "डोंबिवली सुटली ००.३०. विमानतळ ०१.३५. अंतर ४० कि.मी. धरून सरासरी ३७." त्यानंतर चार तास दहा मिनिटं आम्ही रांगेत आणि खुर्चीत होतो, त्याचीही नोंद आहे: "होम सिग्नलला उभे."

विमानात बसल्यावर डोक्यावर 'टिंग' वाजलं. बाबा दचकून ताठ. "एक बेल म्हणजे थांबा. दोन पाहिजेत." लोकलमध्ये गार्डने दोन बेल दिल्या की मोटरमन गाडी हलवतो. इथे एकाच टिंगवर विमान हललं, तेव्हा बाबांना ते मुळीच पटलं नाही.

उडताना मागे पूर्वेला नुसती फट उजाडली होती. आणि मग गंमत झाली. ती फट तशीच राहिली. आम्ही पश्चिमेला पळत होतो, सूर्य मागून येत होता, आणि त्याला आम्हाला गाठायला वेळ लागत होता. पंख आधी राखाडी, मग गुलाबी, मग तांब्याच्या हंड्यासारखा. घरी जी पहाट चहा उकळेपर्यंत संपते ती इथे तासाहून जास्त चालली. बाबा खिडकीला नाक लावून होते. ऊन आत आल्यावर वहीत वेळ लिहिली आणि पुढे दोन शब्द: "लेट रनिंग."

समोरच्या स्क्रीनवर नकाशा होता. विमान सरळ लंडनकडे न जाता अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला निघालं होतं. बाबांनी मला कोपराने ढोसलं. "हा कुठे चाललाय?" एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद आहे, हे त्यांना पेपरात वाचून ठाऊक होतं, पण नकाशावर तो वळसा बघणं वेगळं. "डायव्हर्शन," म्हणाले, आणि मग शांत झाले. रेल्वेच्या माणसाला कारण कळलं की राग जातो.

चढाचा प्रश्न मात्र राहिला होता. मी समजावलं की दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. विमान हवेत तेवढ्याच वेगाने जातं, पण जमिनीच्या हिशोबात ताशी दीड-दोनशे किलोमीटरचा फरक सहज पडतो. बाबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे कसारा घाट. जाताना बँकर लावायचा, येताना ब्रेक सांभाळायचा." (बँकर म्हणजे चढावर गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन.)

मागच्या ओळीबद्दल सूचना, आमच्या चुकीतून आलेली: खुर्ची मागे कलत नाही, आणि शेजारी संडासची रांग असते. दहा तासांत त्या रांगेतल्या सगळ्यांशी बाबांची ओळख झाली. त्यात जळगावच्या एक आजी होत्या, नातीच्या बाळंतपणाला निघालेल्या, पिशवीत डिंकाचे लाडू. त्यांना बाबांनी "अजून २,१०० राहिले" असं दर वेळी ताजं अंतर सांगितलं. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही नका सांगू, मला मग जास्त लांब वाटतं."

हिथ्रोला वारा आणि तिरका पाऊस. विमान दोनदा असं हललं की आजींनी बाबांचा हात धरला. उतरलो तेव्हा बाबांच्या घड्याळात ३.४० झाले होते. हे घड्याळ एचएमटीचं, चावीचं, आकडे नसलेलं, नुसत्या रेघांचं. बाबांना एका जुन्या सहकाऱ्याने एक युक्ती सांगितली होती: लंडनला गेलास तर घड्याळ लावू नकोस, नुसतं उलटं धर. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे उलट्या घड्याळात तिथली वेळ दिसते. तासकाटा थोडा मागे रेंगाळतो, पण कळतं. बाबांनी मोठ्या ऐटीत मनगट फिरवलं, १०.१० वाचलं, आणि समोर भिंतीवर बघितलं. तिथे ११.१०.

युक्ती एका तासाने नापास. कारण लंडनमध्ये अजून उन्हाळ्याची वेळ चालू होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. तोवर फरक साडेचारच तासांचा. बाबांचा चेहरा पडला. "रविवारी बरोबर होईल," मी म्हटलं. "रविवारी बघू," ते म्हणाले, आणि घड्याळाला हात लावला नाही.

हिथ्रोहून हॅरोला जाणाऱ्यांसाठी: एसएल९ नावाची मोजके थांबे घेणारी बस आहे, टॅक्सीच्या मानाने जवळजवळ फुकट. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघं जाता येत नाही. आम्ही हे कंडक्टर नसलेल्या बसच्या दारात, मागे सात माणसं उभी असताना शिकलो. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली. मुंबईची जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, त्यानंतर पहिल्यांदा बाबा असे बसले होते. झाडाची फांदी काचेवर आपटली तेव्हा लहान मुलासारखे मागे झाले.

अक्काआत्या दारात उभी होती. तुकडा ओवाळून टाकायला भाकरी नव्हती म्हणून ब्रेडची स्लाइस. ती स्लाइस तिने पावसात भिरकावली आणि म्हणाली, "किती रे वाळलास." वहीत: "हॅरो १३.२५ स्थानिक. एकूण १७ ता. २५ मि. पैकी हवेत ९.५५."

संध्याकाळी पाट. पाट म्हणजे आयकियाचं स्टूल, त्यावर टॉवेल. ओवाळून झाल्यावर बाबांनी बॅगेतून रबरबँड लावलेला पाकिटांचा गठ्ठा काढला. आत्याची भाऊबीज पोस्टाने येत राहिली तशी यांची ओवाळणी दरवर्षी एका पाकिटात पडत गेली होती, वर साल घालून. मला याचा पत्ताही नव्हता. १९७५ च्या पाकिटात पाच रुपये. पुढे अकरा, एकवीस, एक्कावन्न. २०१३, १४ आणि १५ च्या पाकिटांत पाचशेची एकेक नोट, जुनी, २०१६ ला बाद झालेली. आत्या ती नोट दिव्यासमोर धरून इतकी हसली की तिला खोकला लागला. "माझ्या भावाने मला बाद पैसे दिले!" बाबा सांगायला लागले की देताना चालू होत्या, आणि सांगता सांगता स्टुलावर बसल्या बसल्याच झोपले. घड्याळात डोंबिवलीचे रात्रीचे बारा वाजून गेले होते.

शुक्रवार-शनिवार : दोरा आणि पृथ्वीचा गोळा

पहाटे तीनला घरात दिवे. बाबा उठून चहा करत होते, आत्याही उठली होती, तिला कुठलाच जेटलॅग नसताना. पश्चिमेकडे जाताना शरीर लवकर जुळवून घेतं म्हणतात, आणि आमच्या बाबतीत ते खरं ठरलं. फक्त पहिल्या दिवशी रात्री आठच्या आधी झोपू नका. बाबा साडेसातला झोपले, त्याचं फळ म्हणजे हा चहा.

बरोबर काय न्यावं हे विचारलं जातंच. चकली, चिवडा, कडबोळी बिनधास्त. पेढे, बर्फी, पनीर, तूप नको. भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत. आम्ही पेढ्यांचा डबा निघताना घरीच काढून ठेवला.

शुक्रवार पावसात गेला. आत्याच्या नातवाकडे पृथ्वीचा गोळा होता. बाबांनी शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मागितला, एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, आणि ताणून धरला. सपाट नकाशावर जो रस्ता वाकडा दिसतो तोच गोळ्यावर सगळ्यात जवळचा. दोरा सौराष्ट्रावरून बलुचिस्तान, इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेन, प्राग असा गेला. हेच ते ७,२०० किलोमीटर. मग बाबा एकेका देशावर बोट ठेवत गेले. पाकिस्तान बंद. युक्रेन फेब्रुवारी २०२२ पासून बंद. आमचं विमान प्रत्यक्षात ७,९०० च्या आसपास उडालं होतं. नातू दहा वर्षांचा, मराठी मोडकं. त्याने विचारलं, "आजोबा, मग हा दोरा कोणाचा?" बाबा म्हणाले, "पक्ष्यांचा."

आत्याला स्वतःचा १९७४ चा प्रवास आठवला. मध्ये कुठे कुठे उतरलो हे तिला नीट सांगता येईना, फक्त कुठल्याशा वाळवंटातल्या विमानतळावर मिळालेलं थंड संत्र्याचं सरबत आठवत होतं. बाबांनी मग तिला एअर इंडियाची पहिली मुंबई-लंडन फेरी सांगितली: ८ जून १९४८, विमानाचं नाव मलबार प्रिन्सेस, कैरो आणि जिनिव्हाला थांबा घेत. गाड्यांची नावं त्यांना पाठ असतात, विमानाचं कसं राहिलं कोण जाणे.

शनिवारी चॉक फार्मला उतरून किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर बघितलं. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. बाहेरून शेजारच्या घरांसारखंच घर. आत आम्ही फार बोललो नाही. १९२० साली ते मुंबईहून बोटीने निघाले होते. सुएझ कालवा १८६९ ला झाल्यापासून आफ्रिकेचा वळसा वाचला होता, तरी आठवडे लागत. बाहेर पडल्यावर बाबा पायरीवर थांबून म्हणाले, "एवढे दिवस बोटीवर. आणि मी मागच्या सीटची तक्रार करतो."

रविवार, २६ ऑक्टोबर : एक वाजला, दुसऱ्यांदा

रात्री पावणेदोनला बाबांनी मला हलवलं. "ऊठ, बदलायची वेळ झाली." स्वयंपाकघरात अंधारात दोघं बसलो, मध्ये माझा फोन. बाहेर कोल्हा ओरडत होता. हॅरोत कोल्हे कचऱ्याच्या डब्यांवर हिंडतात, आपल्याकडच्या मांजरांसारखे, हे एक नवलच. १.५८. १.५९. बाबांनी श्वास धरला होता. आणि १.००.

काहीच आवाज झाला नाही. बाबांनी फोन उचलून मागून पुढून बघितला. मग वहीत लिहिलं: "०१.००. (दुसऱ्यांदा.)" मग विचारलं, या वेळी वाटेत असलेल्या गाड्यांचं काय करतात? मला माहीत नव्हतं. "एक तास बाजूच्या लूप लाइनला उभी करत असतील," असं त्यांनीच ठरवून टाकलं आणि मनगट फिरवून घड्याळ उलटं केलं. फोनशी ताडून बघितलं. जुळलं. त्या अंधारात त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली, ती बरीच जोरात होती.

सकाळी आत्या स्टुलावर चढून घड्याळं मागे करत होती. भिंतीवरचं, ओव्हनचं, गाडीतलं. देवघरातलं तसंच राहू दिलं. ते कायम मुंबईचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

याच रविवारी प्रवास असेल तर तिकिटावरची वेळ स्थानिक असते एवढं लक्षात ठेवा, आणि घरच्यांना फोन करताना एक तासाचा हिशोब बदला. ताईला मी रात्री पावणेबाराला उठवलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर : ग्रीनिच

मेट्रोपोलिटन लाइनने फिंचली रोड, तिथून ज्युबिली लाइनने कॅनरी व्हार्फ, मग डीएलआर, म्हणजे डॉकलंड्स लाइट रेल्वे. डीएलआरला मोटरमनच नसतो. पुढच्या काचेशी बसलं की रूळ थेट पायाखाली येतात. बाबा तिथे बसले आणि मिनिटभरात अस्वस्थ झाले. "पुढे कोणी नाही. मागे?"

मागे नव्हतं, मध्ये होतं. निळ्या जाकिटातली एक बाई डब्यातून फिरत होती. स्टेशन आलं की दाराजवळच्या पॅनलला किल्ली लावायची, मान बाहेर काढून फलाट बघायचा, दारं बंद करायची. बाबा तिच्या हाताकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "विचार, फलाट वळणावर असेल तर काय करते." मी विचारलं, आणि हे गार्ड होते असं सांगितलं. तिने विचारलं, कुठे? मुंबई म्हटल्यावर तिने हाताने दारातून लोंबकळणाऱ्या माणसांची खूण केली आणि भुवया उंचावल्या. बाबांनी हसून मान डोलावली, तीच खूण परत केली आणि बोटांनी दाखवलं: बारा डबे. पुढच्या स्टेशनवर तिने दार लावण्याआधी बाबांकडे बघून किल्लीकडे बोट केलं. बाबांनी फलाटावर डावी-उजवी नजर टाकली आणि हवेत दोन वेळा बोट दाबलं. टिंग टिंग. तिने किल्ली फिरवली. त्यांच्या वहीत या प्रवासाची वेळ नाही, अंतर नाही. फक्त "डीएलआर, गार्ड आहे."

वेधशाळेच्या टेकडीवर वारा कान कापत होता. आत तिकीट आहे आणि आत जाण्यासारखं आहे. समुद्रावर रेखांश कळावा म्हणून अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने बनवलेली घड्याळं तिथे आहेत. पण पैसे वाचवायचे असतील तर बाहेरही पुष्कळ आहे. फाटकाजवळ भिंतीत १८५२ चं चोवीस तासांच्या तबकडीचं घड्याळ आहे, ते उन्हाळ्यातही ग्रीनिचचीच वेळ दाखवतं. आणि खालच्या पायवाटेवर शून्य रेखांशाची रेघ फुकट ओलांडता येते. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत जगाने ती मान्य केली. फोन मात्र तिथे शून्य दाखवत नाही. उपग्रहांचा शून्य १०२ मीटर पूर्वेला, बागेतल्या हिरवळीवर पडतो. आम्ही फोन बघत बघत तिथपर्यंत चालत गेलो. तिथे एक कुत्रा खड्डा खणत होता.

रेघेवर उभं राहून बाबांनी मला तोंडी हिशोब घातला. मुंबई पूर्व रेखांश ७२ अंश ५० मिनिटं, अंशाला चार मिनिटं, म्हणजे किती? ४ तास ५१ मिनिटं. हीच मुंबईची स्वतःची वेळ होती, आताच्या भारतीय वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी दंगा केला, कारण सकाळची पाळी अंधारात ओढली जात होती. महापालिकेनेही आपली वेळ सोडली नाही. 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकला. आणि त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, म्हणजे स्टेशनात एक वेळ आणि स्टेशनबाहेर अर्ध्या तासाने मागची. "तेव्हा गार्ड कसे करत असतील?" मी विचारलं. "दोन घड्याळं," बाबा म्हणाले, जणू स्वतः बघितलंय.

वेधशाळेच्या मनोऱ्यावर लाल चेंडू आहे. १८३३ पासून रोज दुपारी एकला तो पडतो, नदीतल्या जहाजांनी घड्याळं लावून घ्यावीत म्हणून. १२.५५ ला अर्ध्यावर चढला, १२.५८ ला टोकाला. शाळेची पोरं, पाच-सहा जपानी, आणि आम्ही, सगळे माना वर. बाबा एकटे मान खाली घालून मनगट उलटं धरून उभे. लोकांनी आवाज केला तेव्हाच त्यांना कळलं की चेंडू पडला. त्यांनी तो बघितलाच नाही. "वीस सेकंद पुढे आहे," म्हणाले. घड्याळ, म्हणायचं होतं. चेंडू असंही असू शकेल.

मंगळवार ते शुक्रवार आत्याने जे जे दाखवायचं ठरवलं होतं ते ते बघितलं, टॉवर ब्रिजपासून वेम्बलीच्या इलिंग रोडवरच्या भाजीपर्यंत. पावट्याच्या शेंगा मिळाल्या, वाल मिळाले नाहीत.

शनिवार, १ नोव्हेंबर आणि पहाट

हॅरोहून ९.४५ ला निघालो. आत्या बसस्टॉपपर्यंत आली. बाद नोटा तिने ठेवून घेतल्या, चालू नोटा परत केल्या, वर पुढच्या वर्षासाठी रिकामं पाकीट दिलं, २०२६ लिहून. बस हलली तेव्हा तिने खालून दोन बोटं दाबून दाखवली. बाबांनी तिला डीएलआरची गोष्ट सांगितली असणार.

१३.१५ ला उडालो. स्क्रीनवर वेग ताशी ९०० चा १,००० आणि मग १,०४० झाला. "उतार लागला," बाबा म्हणाले. जाताना लांबलेली पहाट इथे सव्याज वसूल झाली. जेवणाची थाळी पुढे आली तेव्हा ऊन होतं, चमचा खाली ठेवेपर्यंत काळोख. ८ तास ४० मिनिटांत मुंबई, पहाटे ३.२५.

सगळे प्रवासी घड्याळं लावत होते. बाबांनी फक्त चावी दिली.

५.२० ला डोंबिवली. एकूण १४ तास ५ मिनिटं, जातानापेक्षा तीन तास वीस मिनिटांनी कमी. बाबांनी दारातच वही काढली, बुटासकट उभ्याने लिहिलं, आणि मला म्हणाले, "पाणी साडेपाचला येतं. पिंप लाव."